आधी उकिरडा उकरा, मग फवारणीचे ठरवा

पत्राचा सारांश : एका वाचकाचे कुटुंब शहर सोडून गावाबाहेरच्या स्वतःच्या जागेत राहायला गेले आहे. घर, घरामागे चार जनावरांचा गोठा, त्याला लागून शेणाचा ढीग, पाण्याचा उघडा हौद आणि थोडी फळझाडे असा पसारा आहे. हवा दमट झाली की दिवसा स्वयंपाकघरात माश्या आणि संध्याकाळी ओसरीवर डास व चिलटे यांनी घरचे सगळे हैराण होतात. जांभळ्या प्रकाशाची दोन विद्युत यंत्रे आणि डासांना आवाजाने पळवणारे म्हणून मिळणारे एक उपकरण घेऊन झाले. दर आठवड्याला केलेल्या फवारणीचा सुरुवातीला गुण आला, आता येत नाही. भावाने हंगामभर आठवड्यातून दोनदा धूरफवारणीचे कंत्राट द्यायचे ठरवले आहे. परंतु वडिलांना दमा आहे आणि कुंपणाशी मधमाश्यांच्या पेट्या आहेत, म्हणून वाचकाचे मन धजत नाही. माश्या शेजारच्या मोठ्या गोठ्यातूनच येतात अशी घरात सर्वांची खात्री असून त्यावरून शेजाऱ्यांशी बोलणे जवळपास बंद झाले आहे. धूरफवारणीला होकार द्यावा का, शेजाऱ्यांविरुद्ध तक्रार करावी का आणि यावर काही कायमचा उपाय आहे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

उत्तर :

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचे उत्तर आधी देणे बरे, कारण उरलेल्या दोन्ही उत्तरांची दिशा त्यावरच ठरते. कायमचा उपाय नाही. जिथे शेण आहे, कुजणारा चारा आहे, साठलेले पाणी आहे आणि रात्री दिवा आहे, तिथे उडणारे कीटक येणारच. त्यांची संख्या मात्र इतकी खाली आणता येते की जेवताना एका हाताने ताटावरच्या माश्या हाकाव्या लागू नयेत आणि संध्याकाळी ओसरीवर तासभर निवांत बसता यावे. एवढेच उद्दिष्ट ठेवलेत तर ते एका हंगामात गाठता येईल. ‘एकही माशी दिसता कामा नये’ असे ठरवलेत तर खर्च वाढत जाईल, औषधे अधिकाधिक जहाल होत जातील आणि माश्या असतीलच.

पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. त्यात सगळ्या कीटकांचा उल्लेख एकगठ्ठा येतो आणि उपायही सगळ्यांवर मिळून एकच योजलेला दिसतो. प्रत्यक्षात तुमच्या आवारात निदान चार-पाच वेगवेगळ्या प्रकारच्या कीटकांचा वावर असणार आणि त्यांची जन्मस्थाने एकमेकांपासून अगदी निराळी आहेत. घरमाशी शेणात आणि ओल्या कचऱ्यात वाढते. गोठ्यातली चावरी माशी, जी दिसायला थेट घरमाशीसारखीच असते, ती मूत्राने भिजलेल्या, कुजत चाललेल्या चाऱ्यात वाढते. डासाला साचलेले पाणी लागते. चिलटांमध्येही भेद आहेत : काही मोरीच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतात, काही झाडाखाली पडून सडणाऱ्या फळांवर, तर काही हौदाच्या तळाच्या गाळात वाढून संध्याकाळी दिव्याभोवती खांबासारखे थवे करून नाचतात आणि कोणालाही चावत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला दिव्यावर झेपावणारी पंखवाली वाळवी तर दोन-चार संध्याकाळींची पाहुणी असते. तिच्यासाठी तासभर बाहेरचे दिवे मालवण्यापलीकडे काहीही करण्याची गरज नसते. हौदात कितीही औषध टाकले तरी माश्या कमी होणार नाहीत आणि शेणाचा ढीग कितीही नीट ठेवला तरी त्याने डास घटणार नाहीत. आतापर्यंतच्या खर्चाचा गुण टिकला नाही, त्याचे एक मोठे कारण हेच असावे.

म्हणून पहिला आठवडा काहीही विकत न घेता आणि काहीही न फवारता नुसते पाहण्यात घालवावा, अशी माझी सूचना आहे. चावणारे कोण, नुसते त्रास देणारे कोण आणि निव्वळ दिव्यापाशी घुटमळणारे कोण, हे दिवसाच्या वेळेसह टिपून ठेवा. माश्यांचे प्रमाण मोजण्याची एक साधी पद्धत पशुपालनात वापरली जाते. पोस्टकार्डाएवढे पांढरे कोरे पुठ्ठे गोठ्यात, स्वयंपाकघरात आणि ओसरीत, माश्या जिथे विसाव्याला बसतात त्या ठिकाणी, तुळईला किंवा खांबाला टाचून ठेवायचे. माश्या त्यावर विष्ठेचे व ओकारीचे बारीक काळपट-तपकिरी ठिपके सोडतात. आठवड्याने पुठ्ठा काढून ठिपके मोजायचे, त्यावर तारीख आणि जागा लिहायची आणि तिथेच नवा पुठ्ठा लावायचा. हे काम घरातल्या मुलांकडेही सोपवता येते. पुढे कोणताही उपाय केला की तो लागू पडला की नाही, हे वादावादीवर न ठरता या आकड्यांवर ठरेल, आणि भावाशी बोलतानाही ते उपयोगी पडेल.

आता घरमाशीकडे वळू. तिची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि आयुष्यात अशा अनेक खेपा होतात. उष्ण हवेत अंडी दिवसाभरात फुटतात, अळ्या ओलसर शेणात वाढतात, मग जरा कोरड्या जागी सरकून कोषात जातात आणि अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा सारा प्रवास सात ते दहा दिवसांत उरकतो. याचाच अर्थ असा की डोळ्यांना दिसणाऱ्या माश्या हा एकूण संख्येचा छोटा भाग असतो आणि मोठा भाग अंडी, अळ्या व कोषांच्या रूपाने शेणात दडलेला असतो. आठवड्याची फवारणी उडत्या माश्यांना मारते. पुढची पिढी तोवर कोषातून बाहेर पडण्याच्या बेतात असते. नळ चालू ठेवून फरशी पुसत राहावे, तसा हा प्रकार आहे.

शिवाय वारंवार एकच औषध मारल्याने ते सहन करू शकणाऱ्या माश्याच मागे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. याचे सर्वांत बोलके उदाहरण डीडीटीचे आहे. त्याचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पण त्याच्या आधीच, १९४६ च्या सुमारास, त्या औषधाला दाद न देणाऱ्या घरमाश्या स्वीडनमध्ये आढळल्या होत्या. आज घराघरांत वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या बाबतीतही जगभर हाच अनुभव येतो आहे. तुमच्या फवारणीचा गुण हळूहळू ओसरला, यामागे हे कारण असण्याची शक्यता बरीच आहे. मात्रा वाढवणे हे त्यावर उत्तर नव्हे.

खरे काम उकिरड्यावर आहे. एका सकाळी हातमोजे घालून, एखादी काठी किंवा खुरपे घेऊन ढिगाजवळ जा आणि वरची सुकलेली पापडी बाजूला करून कडेचा भाग बोटभर खोल उकरा. तिथे मलईच्या रंगाच्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या वळवळताना दिसल्या तर माश्या कुठून येतात या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तुमच्या हातात आले. त्याहून बाहेरच्या, कोरड्या मातीत तांबूस-तपकिरी, लहान कॅप्सूलसारखे कोष सापडतील. रिकामा कोष नीट निरखून पाहा. त्याचे एक टोक टोपण उडाल्यासारखे उघडले असेल तर त्यातून माशी बाहेर पडली आहे. कोष शाबूत असून त्याला टाचणीने टोचल्यासारखे एकच गोल छिद्र असेल, तर त्यातली माशी एका इवल्याशा परोपजीवी गांधीलमाशीने आतल्या आत खाऊन संपवली आहे. माणसाला न डसणाऱ्या या बारीक गांधीलमाश्या, काही भुंगेरे आणि माशीची अंडी खाणारे कोळीवर्गीय सूक्ष्म जीव तुमच्या ढिगात फुकट राबत असतात. सरसकट विषारी फवारणी त्यांनाही मारते, आणि त्यांची संख्या माश्यांच्या मानाने फार सावकाश भरून येते.

माशीच्या अळीला ओलावा हवा असतो आणि बेताची ऊब हवी असते. शेण पातळ पसरून उन्हात लवकर सुकवले तर ती वाढत नाही. उलट ते उंच रचून नीट कुजवले तर ढिगाच्या पोटातील तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाते आणि त्यातही ती तगत नाही. सर्वांत वाईट म्हणजे या दोहोंच्या मधली अवस्था, म्हणजे रोज थोडेथोडे शेण टाकून तयार झालेला, पसरट, अर्धवट ओला ढीग. बहुतेक घरांमागे नेमका तोच असतो. तेव्हा पुरेसे ऊन असलेल्या महिन्यांत सुकवण्याचा मार्ग धरा आणि दमट महिन्यांत ढीग रचण्याचा. रचताना शेणात सुका पालापाचोळा किंवा भुसा मिसळा, ढीग कमरेएवढा उंच होऊ द्या आणि वरून काळी ताडपत्री अंथरून तिच्या कडा मातीने दाबून टाका. आतल्या उष्णतेमुळे अळ्या कडेला सरकतात. म्हणून आठवड्यातून एकदा कडेचा भाग ओढून मध्ये टाकणे आवश्यक आहे, आणि नेमके हेच काम आळसाने राहून जाते. ढीग गोठ्याला लागून न ठेवता स्वयंपाकघरापासून व विहिरीपासून जितका दूर नेता येईल तितका न्या. गोठ्यातले शेण रोज उचला. रोज शक्यच नसेल तर निदान दोन उचलींमध्ये आठवडा जाऊ देऊ नका, कारण त्या अवधीत अंड्याची माशी होऊ शकते.

ढीग सुधारूनही पुठ्ठ्यावरचे ठिपके घटले नाहीत तर कानेकोपरे शोधा. गव्हाणीच्या तळाशी चिकटलेला जुना चारा, पाण्याच्या कुंडीखाली सतत ओली राहणारी माती, वासरांच्या अंथरलेल्या गवताचा खालचा थर, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यातली फट, उतार नसल्यामुळे तुंबणारी मूत्राची नाली या जागा वरून स्वच्छ दिसतात आणि उकरल्यावर अळ्यांनी भरलेल्या निघतात. गळका नळ दुरुस्त केल्याने माश्या कमी होतात हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु गोठ्यात ते खरे आहे. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कोंबड्यांची शेड आहे, त्यांनी साचलेली विष्ठा एकाच दिवशी खरवडून साफ करू नये. जुना कोरडा थर काही ठिकाणी राहू द्यावा, म्हणजे त्यातले माशीभक्षक जीव नव्या विष्ठेवर लगेच पसरतात.

जनावरे सारखे पाय आपटत असतील, शेपटीने पोटऱ्यांकडे वारे घालत असतील आणि एकमेकांना खेटून उभी राहत असतील, तर तो उपद्रव घरमाशीचा नाही. पायावर बसलेली माशी जवळून पाहिली की तिच्या डोक्यातून पुढे आलेली काळी, टोकदार सोंड दिसते. घरमाशीची सोंड मऊ असून खाली वळलेली असते. ही चावरी माशी नर असो वा मादी, रक्त पिते, काही मिनिटांत पोट भरून उडते आणि उरलेला वेळ भिंतीवर किंवा कुंपणावर बसून काढते. त्यामुळे जनावराच्या अंगावरचे औषध तिला फार थोडा वेळ भेटते. तिच्यावरचा मुख्य इलाज म्हणजे सांडलेला ओला चारा आणि जुन्या गंजीचा भिजलेला तळ काढून टाकणे. याच्या जोडीला एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात सहा काळ्या गायींच्या अंगावर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा त्यांच्यावर बसणाऱ्या चावऱ्या माश्या निम्म्याहून कमी झाल्या. तुम्ही गायी रंगवाव्यात असे मी सुचवत नाही. पण माशीला फसवायला विष लागतेच असे नाही, हे यावरून दिसते.

डासांचे काम त्या मानाने सरळ आहे, फक्त ते नेटाने करावे लागते. आवारात फिरून आठवड्यापेक्षा जास्त काळ साचून राहणारे प्रत्येक पाणी शोधा आणि विजेरीच्या उजेडात पाहा. पाण्यावर सावली पडताच वळवळत खाली जाणारे बारीक दोऱ्यासारखे जीव म्हणजे डासांच्या अळ्या. त्या पृष्ठभागाला समांतर आडव्या तरंगत असतील तर बहुधा हिवताप पसरवणाऱ्या अॅनोफिलीसच्या, आणि शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून डोके खाली सोडून लटकत असतील तर क्युलेक्स किंवा एडिसच्या. एडिस, जो डेंग्यू पसरवतो आणि दिवसा चावतो, त्याला घरातली लहान भांडी आवडतात. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावे लागते. क्युलेक्सला घाण पाणी चालते, तेव्हा मोरीचा शोषखड्डा आणि शौचटाकी यांच्याकडे लक्ष द्या. टाकीच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधणे हे पाच मिनिटांचे काम असून बहुसंख्य घरांत ते झालेले नसते. आणि हो, शेणाच्या ढिगावर जी ताडपत्री घालायला सांगितले आहे, तिच्या घड्यांमध्ये पावसाचे पाणी साचू देऊ नका. माश्या घालवण्याच्या नादात डासांची सोय व्हायची.

हौदाला झाकण किंवा ताणून बसवलेली जाळी हा उत्तम उपाय होय. ते जमणार नसेल तर गप्पी मासे सोडता येतात, मात्र फक्त बंदिस्त हौदात. ओढ्यात, तळ्यात किंवा पुराचे पाणी शिरेल अशा ठिकाणी परके मासे सोडले की ते तिथल्या मूळच्या माशांच्या आणि बेडकांच्या मुळावर येतात. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस’ या जिवाणूपासून केलेले अळीनाशक हा तिसरा मार्ग आहे. ते डासांच्या आणि त्यांच्या काही जवळच्या नातलगांच्या अळ्यांना मारते, मासे, जनावरे व मधमाश्या यांना अपाय करत नाही. त्याचा परिणाम टिकाऊ नसल्यामुळे वेष्टनावर दिलेल्या अंतराने ते पुन्हा टाकावे लागते.

तुमच्या जांभळ्या दिव्यांच्या यंत्रांविषयी स्पष्टच लिहावे लागेल. डास माणसाला शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उष्णतेवरून आणि वासावरून. तो जांभळ्या प्रकाशाकडे फारसा ओढला जात नाही. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी घरांच्या अंगणात लावलेल्या अशा यंत्रांतील मृत कीटक मोजले आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. एकूण १३,७८९ कीटकांपैकी चावणारे निघाले फक्त ३१. बाकीच्यांत निरुपद्रवी पाणकीटक होते आणि उपद्रवी कीटकांना खाणारे मित्रकीटकही होते. यंत्राचा तडतड आवाज रात्रभर येत राहतो आणि आपले समाधान होते, इतकेच. बाहेरची दोन्ही यंत्रे काढून टाका. त्यांच्या प्रकाशाने लांबचे कीटकही तुमच्या ओसरीकडे येत असतात. आवाजाच्या उपकरणाबाबत तर चर्चाच नको. अशा उपकरणांच्या प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या ग्रंथसंग्रहात प्रसिद्ध झाला आणि त्यात डासांच्या बसण्यात काहीही घट आढळली नाही.

त्याऐवजी ओसरीवर एक जोमदार पंखा लावा. डास दुबळा उडणारा असतो, वाऱ्याच्या झोतात त्याला माणसापर्यंत पोहोचणे जड जाते आणि तुमच्या श्वासाचा मागही विखुरतो. पंख्याचा वारा पायांपर्यंत पोहोचेल असे पाहा. बाहेरचे पांढरे दिवे काढून पिवळट प्रकाशाचे, खाली तोंड असलेले आणि दारापासून थोड्या अंतरावरचे लावा. दारेखिडक्यांना इंचाला सोळा ते अठरा छिद्रे असलेली जाळी बसवा आणि मुख्य म्हणजे चौकटीशी राहिलेल्या फटी बुजवा. करंगळीएवढ्या फटीपुढे उत्तम जाळीही व्यर्थ असते. उघड्या अंगाला लावण्यासाठी डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम सर्वांत भरवशाचे आहे. लहान मुलांसाठी वेष्टनावरील वयाची अट पाळा. कुंडीत सुगंधी झाड नुसते लावल्याने डास जात नाहीत, आणि धूर करून ते थोडा वेळ पांगले तरी वडिलांचा दमा पाहता तो मार्ग तुमच्या घरासाठी नाही. माश्यांसाठी आमिष घातलेले सापळे वापरणार असाल तर ते गोठ्याच्या पलीकडे, घरापासून दूर टांगा. आमिषाचा वास माश्यांना बोलावतो, त्यामुळे दारात टांगलेला सापळा दारातच माश्या जमवतो.

आता धूरफवारणी. माझे मत कंत्राटाच्या विरुद्ध आहे. तो धूर त्या क्षणी हवेत उडत असलेल्या आणि त्याच्या संपर्कात आलेल्या कीटकांनाच मारतो. पाण्यातल्या अळ्या, ढिगातले कोष आणि पानांच्या आड बसलेले डास वाचतात आणि काही दिवसांत परिस्थिती पहिल्यासारखी होते. अशा धुरात वापरली जाणारी बरीचशी औषधे मधमाश्यांना आणि माशांना अत्यंत विषारी असतात, काही मांजरांनाही घातक ठरतात, आणि दम्याच्या माणसाने त्या धुरापासून दूरच राहायला हवे. डासांमुळे पसरणाऱ्या रोगाची साथ आली असेल आणि आरोग्य खात्याने अळ्या नष्ट करण्याच्या मोहिमेबरोबर धूरफवारणी सांगितली असेल, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा तिला विरोध करू नका. पेट्यांच्या मालकाला आदल्या दिवशी कळवा आणि वडिलांना त्या वेळी दुसरीकडे ठेवा.

भावाला हे पटवताना ‘तुझे चुकते’ असे म्हणण्याऐवजी कंत्राटदाराला चार प्रश्न विचारायला सांगा : औषधाचे नाव काय, ते नेमक्या कोणत्या कीटकासाठी आहे, अळ्यांचे काय करणार आणि मधमाश्यांच्या पेट्यांबाबत कोणती काळजी घेणार. नाव सांगायला कां-कूं करणाऱ्या माणसाला आवारात पाऊल टाकू देऊ नये. याबरोबरच कंत्राट रद्द न करता महिनाभर पुढे ढकलण्याचा प्रस्ताव ठेवा. तेवढ्या पैशांत ताडपत्री, जाळी आणि पंखा यांचा खर्च कितपत निघतो याचा हिशेब मांडा आणि पुठ्ठ्यांवरचे आकडे महिनाअखेर दोघांनी मिळून पाहा. भाऊ उतावीळ आहे असे पत्रातून जाणवते, परंतु त्रास त्यालाही होतो आहे आणि काही तरी करावे ही त्याची तळमळ योग्यच आहे; ती उकिरड्याकडे वळवता आली तर निम्मे काम झाले.

शेजाऱ्यांच्या बाबतीत तुमच्या घरातील समजूत पूर्ण चूक आहे असे मी म्हणणार नाही. घरमाशी दोन-तीन किलोमीटरही उडू शकते आणि शेजारचा गोठा मोठा आहे. मात्र अन्न आणि अंडी घालण्याची जागा हाताशी असताना ती फार लांब जात नाही, आणि एडिस डास तर बहुधा काही शे मीटरच्या आतच आयुष्य काढतो. आपल्याच मागच्या दारी ओला ढीग असताना सगळ्या माश्या कुंपणापलीकडच्या आहेत, हे मानायला काही पुरावा हवा. काही पुठ्ठे शेजाऱ्यांच्या बाजूच्या कुंपणावर लावा आणि काही तुमच्या ढिगाजवळ. महिनाभर आपला ढीग सांभाळूनही कुंपणावरचे ठिपके तसेच राहिले, तर बोलायला जा.

जाताना तक्रार घेऊन न जाता माहिती घेऊन जा. माश्यांचा सर्वांत जास्त जाच त्यांच्याच जनावरांना आणि दूध काढणाऱ्यांना होत असणार. चावऱ्या माश्यांनी बेजार झालेले जनावर नीट खात नाही आणि त्याचा परिणाम दुधावर होतो, हा मुद्दा कोणत्याही पशुपालकाला समजावून सांगावा लागत नाही. ढिगासाठी मोठी ताडपत्री दोघांत मिळून घेणे, शेण एकाच वेळी उचलून शेतात नेणे, तुमच्या फळझाडांसाठी त्यांचे कुजलेले खत विकत घेणे, असे काही सुचवता आले तर अबोला संपायला एक निमित्त मिळेल. त्यांच्या शेणाचे पाणी तुमच्या विहिरीत झिरपत असेल किंवा वारंवार सांगूनही ते काहीच करत नसतील, तर स्थानिक प्रशासनाकडे जाण्याचा अधिकार तुम्हाला आहेच. पण ती शेवटची पायरी असावी, कारण तक्रारीनंतरही त्यांचा गोठा तिथेच राहणार आहे आणि तुमचे घरही.

परिणाम दिसायला तीन ते चार आठवडे लागतील, कारण आज कोषात असलेल्या माश्या बाहेर येऊन मरेपर्यंत थांबावे लागते. पहिल्या आठवड्यात आकडा वाढलेला दिसला तरी गडबडून पुन्हा औषधाकडे धावू नका. ढीग हलवताना कोष आणि माश्या उघड्यावर येतात, त्यामुळे असे होऊ शकते.

एवढे करूनही जनावरांना जाच होतच राहिला तर पशुवैद्यकांना दाखवा, आणि त्यांनी अंगावर लावायचे किंवा टोचायचे औषध सुचवले तर ते शेणात कितपत उतरते हे त्यांना आवर्जून विचारा. आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधे शेणावाटे बाहेर पडतात आणि शेण जमिनीत ओढून नेणाऱ्या भुंगेऱ्यांना मारतात. या भुंगेऱ्यांचे मोल ऑस्ट्रेलियाने चांगलेच ओळखले आहे. तिथले मूळचे भुंगेरे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते, गायींच्या शेणाचे पो माळावर तसेच पडून राहत आणि त्यांत माश्यांची पैदास होई. जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९६८ पासून तिथे बाहेरून भुंगेरे आणून सोडण्यात आले. तुमची जनावरे चरायला जात असतील त्या जागी पडलेल्या शेणाला खालून भोके पडलेली आणि कडेला उकरलेल्या मातीचे बारीक ढीग दिसले, तर तुमच्याकडे ते भुंगेरे आधीपासून आहेत असे समजा आणि पशुवैद्यकांना तसे सांगा, म्हणजे पर्याय असेल तिथे त्यांना न मारणारे औषध निवडता येईल किंवा औषधानंतरचे काही दिवस जनावरे गोठ्यात ठेवून ते शेण वेगळे कुजवता येईल.